बिलावर छापलेलं बंद दार

लाईट बिलाच्या कागदावर एका कोपऱ्यात छोटा काळपट फोटो असतो. त्यात मीटर असतं आणि मीटरवरचे आकडे. माझ्या बिलावर सात महिने मीटर नव्हतं, दार होतं. आमच्याच खोलीचं दार, बंद. उंबऱ्याबाहेर माझ्या चपला. फोटो इतका बारीक की डोळ्याजवळ धरल्याशिवाय कळत नाही, आणि मी सात महिने तो डोळ्याजवळ धरलाच नाही. बिल आलं की खालचा आकडा बघायचा आणि ह्यांच्या हातात द्यायचं, एवढंच माझं काम.

ही वही कुणाला दाखवायची नाही. शाळेच्या कपड्यांच्या शिलाईत माझं अर्धं आयुष्य गेलं, पण कुणी विचारलं की काय करता, तर मी पदराचं टोक बघत बसते. लिहिताना समोर कुणी नसतं म्हणून जमतं. आमच्या केम गावच्या शाळेत चौथी झाली, त्यापुढे शाळा नाही. तरी वाचता येतं, आकडे येतात. पुढचं सगळं त्या आकड्यांमुळेच निभावलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शिलाईवाली बाई म्हणजे माप घेते आणि कपडा शिवून देते. आमचं काम तसं नाही. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने गल्लोगल्ली आहेत. तिथे कटिंग मास्तर कापडाचे थर एकावर एक रचतो आणि मशीनने एकदम कापतो. बाह्या वेगळ्या, पाठी वेगळ्या, खिसे वेगळे. त्यांची बंडलं चिंधीने बांधून आमच्या घरी येतात. कॉलर दुसरीकडे, काज-बटण तिसरीकडे. माझ्याकडे बाही, खिसा आणि बाजूची शिवण. ज्या पोराच्या अंगावर तो शर्ट जाणार त्याचं तोंड मी कधी बघत नाही. फक्त त्याचा नंबर माहीत, बावीस, चोवीस, सव्वीस.

कामात माझा हात साफ आहे, हे मी इथे लिहिते, कारण तोंडाने कधीच म्हटलं नाही. माझ्या बाहीला खांद्यावर चुणी पडत नाही. पण एक खोड आहे, विचारायला तोंड उघडत नाही. लग्नानंतर दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी एका बंडलात खिशाच्या खुणा उजव्या बाजूला होत्या. खिसा डावीकडे असतो हे मला कळत होतं. पण मास्तरांना कसं विचारायचं, त्यांनी काहीतरी बघूनच केलं असेल, म्हणून साठच्या साठ शर्टांना उजवीकडे खिसे लावून दिले. मास्तरांनी थर उलटा टाकला होता. ते कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं बाई, तोंड दिलंय की देवानं तुला!" सगळे खिसे उसवून पुन्हा लावले. उसवताना रडले. पण शिकले म्हणावं तर तेही नाही.

मागच्याच्या मागच्या दसऱ्याला आम्ही मोटरची मशीन घेतली. तोवर पायाची होती आणि गुडघे बोलायला लागले होते. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, बाजार समितीत हमाली करून साठवलेले आणि माझे, असे मिळून जुनी मशीन घेतली. टेबलाखाली भली मोठी मोटर. बटण दाबलं की ती फिरतच राहते, पायाने दाबलं की सुई चालते. बंद केली तरी लगेच गप्प होत नाही. घरघर घरघर करत, गाडी स्टेशनात शिरावी तशी हळूहळू थांबते.

मशीन आली त्याच दिवशी कॉलरवाली शाहीन आपा बघायला आली. तीही आमच्याच गल्लीत मोटरवर शिवते. मशीनला हात लावून म्हणाली, "अच्छी है. पर एक बात ध्यान में रख. लाईटवाला आला की मोटर बंद, दार बंद. घरात धंदा दिसला तर दुकानाचं मीटर लावतात, दंड करतात."

"कुणाला लावलं?"

"किसी को तो लगाया होगा. सब लोग बोलते."

आमच्या गल्लीत दहा-बारा घरांत मोटरच्या मशिनी आहेत, आणि सगळ्या बायकांची एक रीत. मीटर वाचणारा कोपऱ्यावर दिसला की जिला पहिल्यांदा दिसेल ती ओरडते, "पाहुणं आलं गं!" की सगळ्या मोटरी बंद, दारं बंद. एरवी दिवसभर घों घों करणारी गल्ली एकदम सुतकात गेल्यासारखी गप्प. तो माणूस जाईपर्यंत आम्ही घरात श्वास धरून बसायचो. मग कुणीतरी म्हणायचं, "गेलं पाहुणं," की पुन्हा सुरू.

मीही तेच केलं. माझ्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. बाकी सगळ्यांची मीटरं बाहेर बोळात भिंतीवर आहेत. त्यांनी दार लावलं तरी तो माणूस बाहेरच्या बाहेर फोटो काढून जायचा. माझं मीटर आत आहे, चौकटीच्या वर. जुनी खोली, कधीकाळी बसवलेलं. माझं दार बंद म्हणजे मीटरच बंद.

तो कडी वाजवायचा. "मावशी, रीडिंग!" एकदा, दोनदा, कधी तीनदा. मी मशीनवर हात ठेवून बसलेली. माझ्या पायाखाली मोटर अजून घरघरत असायची. वाटायचं, ऐकू जात असेल का. मग पायऱ्या उतरल्याचा आवाज यायचा आणि मी हुश्श करायची. बाहेर सोलापूरचं ऊन, आणि तो माणूस दर महिन्याला माझ्या बंद दारापुढे उभा राहून जायचा. आता आठवलं की वाईट वाटतं.

आठव्या महिन्यात, म्हणजे मे महिन्यात, पाणी यायचा दिवस होता. आमच्याकडे नळ रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशी बाकी सगळं सोडून पाणी भरायचं. मी खाली नळावर, दार उघडं. कुणी ओरडलं असेल तर नळाच्या गलक्यात ऐकू आलं नाही. वर आले तर तो माणूस माझ्या दारातून बाहेर पडत होता. हातात मोबाईल. "झालं मावशी, काढला फोटो," म्हणाला आणि गेला. मशीनवर बाह्यांचा ढीग पडला होता. त्याने बघितला असणारच.

पंधरा दिवसांनी बिल आलं. ते माझ्या हातात न पडता घरमालकांच्या हातात पडलं. घरमालक म्हणजे यल्लप्पामामा, भिंतीला भिंत लावून राहतात. आयुष्यभर यंत्रमागावर काम केलं. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. मीटर त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. भाडेकरू आम्ही, बिल आम्ही भरायचं, पण कागदावर नाव त्यांच्या वडिलांचं.

मामा बिल घेऊन दारात उभे राहिले. चष्मा नाकावर, आवाज चढलेला. "सुमन! हे काय हाय गं? माझ्या बापाच्या नावावर दहा हजाराचं बिल? त्यांनी उभ्या जन्मात दहा हजार एकदम बघितले न्हाईत!"

दहा हजाराला थोडेच कमी होते. आमचं बिल एरवी पाचशे-साडेपाचशे. मी कागद घेतला. वापर सहाशे चाळीस युनिट.

"तुझी ती मोटर खाती समदं," मामा म्हणाले. "आधी तुझं साठ युनिट यायचं की न्हाई? आता सहाशे! आता येतील ते, धंद्याचं मीटर लावतील. घरपट्टी धंद्याची लावतील. म्हातारपणी मी कुठं कुठं फिरू? ऐक, महिनाअखेरीपतूर एकतर ती मशीन घराबाहेर, न्हाईतर तू."

मी मान हलवली.

मामांचं चूक म्हणता येत नव्हतं. पण मशीन बाहेर म्हणजे काम बंद. आणि खोली सोडायची तर ह्या भाड्यात, बाजार समितीजवळ, दुसरी मिळणार नव्हती. शिवाय मे-जून हा आमचा हंगाम, जूनमध्ये शाळा सुरू होतात. माझ्याकडे चार बंडलं पडून होती. मी मोटर बंद केली आणि हाताने होईल ते काम करत बसले. मास्तरांचा फोन आला. "सुमनताई, शनिवारपर्यंत बघतो. न्हाई जमलं तर बंडलं परत पाठवा, दुसरीला देतो." एकदा बंडल दुसरीकडे गेलं की पुढच्या हंगामात तिचंच नाव मास्तरांच्या तोंडात बसतं.

त्या दुपारी मी खोलीत एकटी होते. मीटरकडे बघत बसले. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, हे रोज दिसायचं, पण बघितलं कधी नव्हतं. आधी मी खोलीचा मोठा स्विच पाडला. सगळं बंद. दिव्याकडे बघत राहिले. लुकलुकणं थांबलं; वीज जळते तेव्हाच तो लुकलुकतो. म्हणजे आमच्या मीटरवर दुसऱ्या कुणाची वायर नव्हती. खरं सांगायचं तर मला जरा तसा संशय आला होता, आणि तो फिटला म्हणून बरं वाटलं.

मग फक्त पंखा लावला. मनात एक ते शंभर आकडे म्हणायचे आणि तेवढ्यात दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. मला टाके मोजायची सवय आहेच. पंखा एकटा, सहा वेळा. मग मोटर चालू केली, पाय वर घेतले, काहीच शिवलं नाही. चोवीस! मग एका चिंधीवर भराभर शिवून बघितलं. तीस-बत्तीस.

मी पुन्हा मोजलं, तेच. म्हणजे शिवताना मोटर जेवढं खात होती, जवळजवळ तेवढंच ती नुसती फिरताना खात होती. आणि मी काय करायची? सकाळी बटण दाबलं की जेवायला उठेपर्यंत बंद नाही. सुतं तोडायची असोत, बाह्या जुळवायच्या असोत, शाहीन आपाशी दारात बोलायचं असो, खाली मोटर आपली फिरतेच आहे. पायाच्या मशीनची सवय. ती पाय थांबला की थांबायची. ही थांबत नव्हती, आणि मला ते कळायला सात-आठ महिने लागले.

पण एवढं धरूनही सहाशे चाळीस होत नव्हते. मग मी पेटीतून जुनी बिलं काढली आणि जमिनीवर ओळीने मांडली. ऑक्टोबर, साठ युनिट. नोव्हेंबर, साठ. डिसेंबर, साठ. सात महिने साठ, साठ, साठ. माणसाचा वापर दर महिन्याला बरोबर साठ कसा येईल? आणि त्या बिलांवर फोटोत मीटर नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा तो फोटो डोळ्याजवळ नेला आणि माझ्या चपला ओळखल्या.

मीटर बघायला मिळालं नाही म्हणून त्यांनी आधीच्या हिशोबाने अंदाजे साठ साठ लावले होते. साठ हे पायाच्या मशीनच्या दिवसांतले. खरं जास्त जळत होतं ते मागे साठत गेलं, आणि दार उघडं सापडलं त्या महिन्यात सगळं एकदम बाहेर आलं. मोटरने खाल्लं ते खाल्लं, पण हा डोंगर माझ्या दाराने केला होता.

ह्यांना संध्याकाळी दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग चल की हाफिसात. चुकलं असंल तर करतील दुरुस्त."

"मालकाची सही लागेल. मामांना न्यावं लागेल."

"आणि बोलणार कोण?"

"मामा बोलतील. त्यांचा आवाज मोठा हाय."

मामा तयार झाले. रिक्षात बसल्यापासून म्हणत होते, "बघ तू आता. असं फैलावर घेतो एकेकाला." मांडीवर पिशवी, पिशवीत वडिलांच्या नावाचे कागद, जुन्या पावत्या, स्वतःचं आधार कार्ड. मी खाकी कागदावर, ज्याचे मास्तर नमुने कापतात त्यावर, महिन्यांचे आकडे लिहून घेतले होते. सप्टेंबरला मीटरवर किती, मेमध्ये किती. वजाबाकी केली तर आठ महिन्यांत एक हजार साठ युनिट. त्यातले सात महिन्यांचे साठ-साठ म्हणजे चारशे वीस भरले होते. राहिले सहाशे चाळीस. बिलातला आकडा तोच.

लाईट ऑफिसात खिडकीपुढे रांग होती. आमचा नंबर आला. आत एक मॅडम बसल्या होत्या, चाळिशीच्या, समोर कॉम्प्युटर. "बोला."

मामा पुढे झाले. तोंड उघडलं. मिटलं. पिशवीत हात घातला आणि कागद शोधायला लागले. कागद वरच होता, तरी शोधत होते.

"आजोबा, बोला की, मागं लाईन हाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. घरात ज्यांच्या आवाजाने भांडी हलतात त्या माणसाच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की ऑफिस म्हटलं की मामाही माझ्यासारखेच. त्यांना फक्त घरात ओरडता येतं. आणि आता मी बोलले नाही तर आम्ही दोघं तसेच परत जाणार होतो, आणि महिनाअखेर आठ दिवसांवर होती.

मी खाकी कागद खिडकीतून आत सरकवला. आवाज निघाला तो मलाच परका वाटला. "मॅडम, हे सहाशे चाळीस एका महिन्याचे न्हाईत. आठ महिन्यांचं साठलंय."

मॅडमनी कागद बघितला, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. "हं. लॉक, लॉक, लॉक... सात महिने दार बंद. गावाला होता का?"

"न्हाई मॅडम."

"मग?"

"आत होते मी."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मॅडमनी वर बघितलं. "आत होता आणि दार उघडलं न्हाई? का बरं?"

मामा माझ्या दंडाला बोट लावून खुणावत होते, सांगू नको. खोटं बोलायला सोपं होतं. आजारी होते म्हणायचं. पण मला खोटंही बोलायला जमत नाही. त्यालाही तोंड लागतं.

"घरात शिलाईची मशीन हाय. मोटरची. धंद्याचं मीटर लावतील म्हणून भीती वाटायची."

मामांनी डोळे मिटले.

"किती मशिनी?"

"एकच."

"एकट्याच शिवता? कामाला बायका ठेवल्यात?"

"न्हाई, मीच."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "अहो ताई, मग कशाला भ्यायचं? घरात राहून घरातल्या मीटरवर काम करायला चालतं. महिन्याला तीनशे युनिटच्या आत पाहिजे आणि वर्षाला छत्तीसशेच्या आत. तेवढ्यात असलं तर घरगुतीच दर लागतो."

मी दोनदा विचारलं. असं मी आयुष्यात कुणाला दोनदा विचारलं नव्हतं. "म्हणजे मशीन चालवली तर चालंल?"

"चालंल की! तुमची आई शिवत न्हवती का घरात? माझी शिवायची."

मग माझ्या ध्यानात आलं. "पण हितं तर सहाशे चाळीस दिसतंय. तीनशेच्या वर."

"तेच तर. एका महिन्यात पडलं म्हणून तसं दिसतंय. आठ महिन्यांवर वाटलं तर किती येतंय?"

ते मी घरीच काढलं होतं. "एकशे बत्तीस-तेहेतीस."

"झालं मग." मॅडमनी एका पाठकोऱ्या कागदावर रेघा ओढून मला दाखवलं. विजेला पहिल्या शंभर युनिटांना एक दर, तीनशेपर्यंत त्याहून चढा, पाचशेपर्यंत आणखी चढा, त्यापुढे सगळ्यात जास्त. सहाशे चाळीस एकदम धरले की ते चारही पायऱ्या चढून जातात. तेच महिन्या-महिन्याला वाटून धरले की दुसऱ्या पायरीवरच थांबतात. आमच्या कामात डझन कितीही वाढले तरी डझनाचा भाव तोच. विजेचं उलटं, जितकी जास्त घ्याल तितकी महाग.

"अर्ज द्या. मालकांची सही घ्या. आमचा माणूस येऊन मीटर एकदा बघून जाईल, मग बिल दुरुस्त होईल. एकदम भरायला जमणार न्हाई तर हप्ते पाडून मागा, त्याच अर्जात लिहा." मग मामांकडे वळून, "आजोबा, तुम्ही काय म्हणत होता?"

"मी... मी तेच म्हणत होतो," मामा म्हणाले.

अर्ज मी लिहिला. बाकावर बसून, मांडीवर पिशवी ठेवून. माझं अक्षर शाळेतल्यासारखं आहे, पण सरळ आहे. मामांनी सही केली. बाहेर आल्यावर त्यांनी उसाचा रस पाजला. मग म्हणाले, "मला वाटलंच होतं तसं चालत असंल म्हणून." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पर कागद हातात येईस्तोवर मोटर न्हाई हां. त्या बाईनं तोंडानं सांगितलं. तोंडाचं काय खरं?"

मास्तरांना मीच फोन लावला. शनिवार जमणार नाही, पुढचा बुधवार द्या, म्हटलं. मी फोन लावल्याचंच त्यांना नवल वाटलं असेल. म्हणाले, "बुधवार तर बुधवार."

मीटर बघायला तोच माणूस आला, कडी वाजवणारा. ह्या वेळी गल्लीत "पाहुणं आलं गं" झालं, सगळ्या मोटरी थांबल्या, आणि मी दार उघडून उभी राहिले. समोरून शाहीन आपा खिडकीतून हातवारे करत होती, बंद कर, बंद कर. मी तिच्याकडे बघितलं नाही.

त्याने फोटो काढला, आकडे लिहून घेतले. मी पाणी दिलं. तो अर्धा तांब्या प्यायला आणि हसला. "मावशी, एक सांगू? मला माहीत होतं आत कोणतरी हाय."

"कसं?"

"मी कडी वाजवायचो तवा मोटर थांबायचा आवाज यायचा की. घरघरघर... मी आपलं म्हणायचो, थांबंल आणि येतील. थांबायची, पर कुणी यायचं न्हाई."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. "चुकलं माझं," म्हटलं.

"चुकलं कशाला. ह्या गल्लीत समद्यांच्या मोटरी मला पाठ हायत. तुमची जरा जुनी हाय." जाता जाता त्याने मीटरवरचा कुठला आकडा बघायचा ते दाखवलं आणि म्हणाला, "दर महिन्याला एक तारखेला हितला आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवत जावा. बिलाशी जुळतोय का बघायचं. न्हाई जुळला तर लगेच यायचं, आठ महिने थांबायचं न्हाई."

तो गेल्यावर शाहीन आपा धावत आली. "पागल हुई क्या गे तू?" मी तिला सगळं सांगितलं, तीनशे आणि छत्तीसशेसकट. तिला पटेना. मग तिचं बिल आणायला लावलं आणि वापराचा आकडा दाखवला, एकशे साठ. ती बिलाकडे बघतच राहिली. "इतने साल चूप बैठे हम लोगां," म्हणाली, "मेरा तो मीटर भी बाहर है!" आणि दोघी हसत सुटलो. मी इतकी मोठ्याने हसते हे मला माहीत नव्हतं.

दुरुस्त बिल सोमवारी आलं. सहा हजाराच्या आत, तीन हप्त्यांत. खालच्या ओळीत दर घरगुती असंच लिहिलेलं. मी ते तीनदा वाचलं आणि भिंतीला टेकून खाली बसले.

मग मामांकडे गेले. दुपारची वेळ. ते पलंगावर उघडे डोळे करून पडले होते. उठून चष्मा लावला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला, वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, आणि माझ्या हातात दिला.

"मग? मशीन का बंद अजून?"

"तुम्हीच म्हणाला होता की मामा, कागद येईस्तोवर."

"आला की कागद!"

"आणि महिनाअखेरीचं?"

"कसली महिनाअखेर?" मामा भिंतीकडे बघत म्हणाले. "मी काय, लई बोलतो. मनावर घ्यायचं नसतं समदं. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढली मी पोरी. तुझी मशीन थांबली तसं घर मुकं झालंय. दुपारी डोळा म्हणून लागंना. जा, लाव."

मी खोलीत आले. मशीनवरची धूळ पुसली, तेलाचे दोन थेंब सोडले, बाह्यांचं बंडल सोडलं. चोवीस नंबर. बटण दाबलं. पहिली शिवण जरा थरथरली, मग हात बसला. एक डझन झाल्यावर सुतं तोडायची म्हणून मी मोटर बंद केली, आता तशी शिस्तच लावून घ्यायची होती. ती घरघरत घरघरत थांबली, आणि भिंतीपलीकडून मामांचं घोरणं ऐकू आलं. एकदम ते अडखळलं. पलंग करकरला.

सुतं नंतर तोडता येतील, म्हणून मी दुसरं डझन ओढलं आणि बटण दाबलं.